बारा जीबीची शेवटची ओळ

साळवे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी परतूरहून आष्टीच्या बसमध्ये होते. मनात पहिल्यांदा आलं ते हे, की सुटले बाई एकदाची... गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण मला आज गोड लिहायचं नाही.

आमच्या शाळेतले जुने कॉम्प्युटर त्यांनी लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकून चालते केले. डिस्कचा कुठला भाग किती मोठा करायचा, ते आधी कागदावर पेन्सिलीनं लिहायचे. नियम एकच, एकानं कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं माऊस धरायचा. एकट्यानं डिस्कला हात लावायचा नाही. माझं चुकलं की वर्गादेखत म्हणायचे, "मॅडम, डिस्क मोठी मिळती बाजारात. डोकं न्हाई मिळत." पोरं फिदीफिदी हसायची. मला त्यांचा मनस्वी राग यायचा.

एकदा ते रजेवर असताना पोरांच्या फायलींचा भाग गच्च भरला. तपासणी तोंडावर आलेली. मी एकटीच लिनक्स नव्यानं टाकायला बसले. कागद कपाटात होता, पण तो वाचायचा सोहळा मला नकोच होता. स्क्रीनवर शेवटी बारा जीबीचा एक भाग दिसला, बिननावाचा. उगाच अडवून ठेवलाय म्हटलं, पुसला आणि जागा पोरांना दिली. खरं सांगते, बरं वाटलं.

सर आले, त्यांनी स्क्रीन पाहिली, कपाटातून कागद काढून माझ्यापुढं धरला. "वाचा मॅडम. मोठ्यानं."

मी वाचलं. सिस्टिम तीस, स्वॅप चार, पोरं चौऱ्याहत्तर... प्रज्ञा बारा.

प्रज्ञा त्यांची मुलगी, नऊ वर्षांची होऊन तापानं गेलेली. तिचं बोलणं, धडे वाचणं, भांडणं, सगळं फोनवर टिपलेलं. तो फोन कधीच बिघडला होता, उरलं होतं ते त्या बारा जीबीत होतं तेवढंच. मी डिस्क जालन्याला नेऊन दाखवली. वरून पोरांच्या फायली बसल्या होत्या, काही निघालं नाही.

"जागा झाली ना बराबर?" एवढंच ते म्हणाले. पुढं दोन वर्षं मला एकदाही रागावले नाहीत. मी तीनदा माफी मागायला गेले, तिन्ही वेळा म्हणाले, "तास आहे मला."

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर आठवड्यानं त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, शाळेत आल्या, हातात नवा पेन ड्राइव्ह. "हे म्हणायचे, पोरीचं समदं शाळंत बराबर ठेवलंय. मंग म्हटलं, आता घरी न्यावं. यात मावंल का हो मॅडम?"

म्हणजे त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. वहिनींना जपलं असेल. मला जपायला ते काही संत नव्हते.

मी "मावेल" म्हणाले. सवडीनं द्या, असं सांगून त्या गेल्या.

पेन ड्राइव्ह माझ्या खणात आहे, त्याच कागदात गुंडाळलेला. वहिनी दर रविवारी पेपरची ही पुरवणी वाचतात. समोर बसून सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून इथं लिहितेय. वहिनी, वाट बघू नका. ते मी पुसलंय.