कोल्ड स्टोरेज काकांची गाडी

काका आयुष्यभर बटाट्यांच्या शीतगृहात नोकरीला होते. बाहेर डांबर वितळत असलं तरी हा माणूस खांद्यावर स्वेटर टाकून कामावर निघायचा. त्यामुळे गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारलीच नाही. सगळे कोल्ड स्टोरेज काका म्हणायचे आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. गारव्यातलं आपल्याला कळतं तेवढं दुसऱ्या कुणाला कळत नाही, असं त्यांचं मत होतं. मत कसलं, निकालच.

माणूस वाईट नव्हता. कुणाचा फ्रिज बंद पडला, कुणाचा पंखा कुरकुरायला लागला, तर न बोलावता हातात पाना घेऊन हजर. पण त्यांनी केलेल्या कामात कुणी खोट काढलेली त्यांना खपत नसे. ते आरडाओरडा करत नसत. तोंड फुगवून बसत, आणि ते आरडाओरड्यापेक्षा वाईट असे. तुम्ही बसवलेला नळ अजून गळतोय, एवढंच काकू एकदा म्हणाल्या होत्या. पुढे कितीतरी दिवस काका अर्ध्या ताटावरून उठत राहिले. शेवटी काकूंनी नळाखाली पातेलं ठेवायला सुरुवात केली आणि काकांची चाहूल लागली की ते उचलून ठेवायला.

सून घरात आली तेव्हा तिलाही हे पहिल्या महिन्यातच समजावलं गेलं. बाबांनी काही दुरुस्त केलं की छान झालं म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. त्या घराची ती रीतच होऊन बसली होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही ती हळूहळू उचलली, कारण फुगलेल्या माणसासमोर बसून चहा पिण्यात काय मजा? सगळ्यांनी मिळून काकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं आणि काका वरून आरामात गल्ली बघत होते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. आत पलंग, लहानसा ओटा, भिंतीला कपाट, असं चाकांवरचं घर. इंजिन ठणठणीत होतं. एसी मात्र नावापुरता. बटण दाबलं की नुसती घरघर आणि कोमट फुंकर. काकूंनी कपाळाला हात लावला, पण मनातल्या मनात.

ही गाडी हौसेसाठी घेतली असती तर गोष्ट वेगळी होती. ती घेतली होती ताईसाठी. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर काकांना तिनंच वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, आणि त्या नादात स्वतःची शाळा सोडली. आता तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, हृदय नाजूक. उकाड्यापासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तिची एकुलती एक लेक दूर डोंगराकडच्या गावात राहायची आणि तिला नुकतीच मुलगी झाली होती. नातीला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढंच ताईच्या मनात होतं. पण एवढा लांबचा प्रवास बसून करणं तिला शक्य नव्हतं. काका म्हणाले, तू फक्त आडवी हो, बाकी माझ्यावर सोड. गाडीत असा गारवा करतो की तू पांघरूण मागशील.

मग ते कामाला लागले, आणि खोटं कशाला बोला, काम त्यांनी जीव ओतून केलं. गाडीच्या तोंडाशी असलेली एसीची जाळी चिखलानं आणि मेलेल्या किड्यांनी बुजली होती. ती त्यांनी पाण्याच्या बारीक धारेनं धुतली आणि तिच्या वाकलेल्या पत्र्या जुन्या टूथब्रशच्या दांड्यानं एकेक करून सरळ केल्या. एसीचा पट्टा बदलला. दारांचे रबर बदलले. टपाला पांढरा रंग दिला. मागच्या सगळ्या खिडक्यांवर चंदेरी फोमचे तक्ते चिकटवले, असे पक्के की खिडकी उघडायचं नाव नको. या गाडीचा एसी मुळात पुढच्या दोन माणसांपुरता. म्हणून त्यांनी पुढून एक जाड, वळ्यावळ्यांचा पाइप काढला आणि पलंगाखालून थेट उशाशी नेला. ताईचं सामान राहावं म्हणून पलंगाखाली दोन खणही बसवले. चालकाच्या मागे जाडजूड पडदा लावला, म्हणजे समोरच्या काचेतलं ऊन मागे जायला नको.

गॅस भरायला एसीवाला आला होता. त्यानं पाइपाकडे बघून एवढंच म्हटलं की, काका, हा खणाखाली दाबला जातोय, वाट मोकळी नाही. काकांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. पाना हवा असला तर त्याच्याकडे न बघता हात पुढे करायचे. दुसऱ्या खेपेला तो आला तो शहाणा होऊनच आला. उशाशी हात धरला आणि म्हणाला, एकदम बर्फ झालाय काका.

निघायच्या आधी चाचणी झाली. काका चालकाच्या जागेवर बसले, एसी पूर्ण चालू केला आणि एकेकाला मागे पाठवलं. वेळ संध्याकाळची, गाडी झाडाच्या सावलीत. मुलगा जाऊन आला, म्हणाला मस्त. सून म्हणाली, काटा आला अंगावर. काकूंनी पाइपाच्या तोंडाशी बराच वेळ हात धरला. वारा जेमतेम लागत होता आणि जो लागत होता तो कोमट होता. त्या बाहेर आल्या, तर काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते, निकालाची वाट बघणाऱ्या शाळकरी मुलासारखे. चांगलं गार आहे की, असं म्हणून काकू घरात गेल्या.

सकाळी निघाले. ताईला पलंगावर नीट झोपवलं. मागे फार गार होईल म्हणत काकांनी स्वतःची लोकरीची शाल तिच्या पायाशी ठेवली. काकू पुढे बसल्या. ऊन चढलं तसा पुढे खरोखरच छान गारवा झाला, इतका की काकूंना हात चोळावेसे वाटले. पडद्यानं तो सगळा पुढेच अडवून धरला होता. काका खुशीत होते. मधूनमधून मोठ्यानं विचारत, ताई, गार लागतंय ना? मागून उत्तर येई, लागतंय रे, झकास. पडदा जरा सरकवूया का, असं काकूंनी एकदा विचारलं. गारवा वाया जाईल, म्हणाले. काकूंनी पुढे ब्र काढला नाही. दुपारकडे मागून येणारं उत्तर लहान होत गेलं. मग नुसतं 'हो' उरलं. झोप आली असेल, असं काकांना वाटलं.

डिझेलसाठी पंपावर थांबले तेव्हा काका स्वतः मागचं दार उघडायला गेले. खरं तर त्यांना शाबासकी हवी होती. कडी वाजली, दार सरकलं आणि आतून भट्टीसारखी झळ त्यांच्या तोंडावर आली. शीतगृहाची दारं उघडण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला दारातून काय बाहेर आलं हे सांगावं लागत नाही. आत ताई होती. कडीचा आवाज ऐकून तिनं घाईघाईनं ती शाल हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे.

"इतकं गार केलंस," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "शाल घ्यावी लागली बघ."

काकांनी शालीला हात लावला. शाल घामानं भिजली होती. ताई उठून बसायला गेली आणि त्यांच्याच हातावर कलंडली.

पंपापासून जवळच एक दवाखाना होता. नर्सनं सलाइन लावलं, ओल्या कापडानं हातपाय पुसले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, या कुठल्या बंद खोलीत होत्या का? गाडीत होत्या, काका म्हणाले. गाडीत एसी नव्हता का? काकूंनी खाली बघितलं. थोड्या वेळानं बाई म्हणाल्या की धोका टळलाय, पण आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. उद्यापर्यंत इथेच राहू द्या, आणि त्या गाडीत यांना पुन्हा बसवू नका.

काका बाहेर आले. गाडी उन्हातच उभी होती. त्यांनी इंजिन सुरू केलं, एसी लावला, पडदा ओढला, दार बंद केलं आणि ताईच्या जागेवर आडवे झाले. बघता बघता अंगातून घामाच्या धारा लागल्या. खिडकी उघडावी म्हणून हात गेला, तर तिथे त्यांनीच चिकटवलेला तक्ता. उशाशी हात धरला. वारा नव्हताच. त्यांनी पलंगाखालचा खण ओढून बाहेर काढला, तर पाइप पोळीसारखा चपटा झालेला. त्या क्षणी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं काकांनी पुढे स्वतःच सांगितलं. सकाळपासून ती इथे पडून भाजत होती आणि आपण पुढे गार हवा खात शीळ घालत होतो.

त्यांनी दार उघडलं तेव्हा काकू बाहेर उभ्या होत्या.

"तुला माहीत होतं?"

"चाचणीच्या दिवशी हात धरला होता मी," काकू म्हणाल्या. "तेव्हाच कळलं होतं. पण एवढं होईल असं वाटलं नव्हतं हो."

मग बोलली का नाहीस, हे शब्द काकांच्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले. काकूंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना उत्तर कळलं होतं. मुलगा, सून, एसीवाला, सगळ्यांनी त्याच ठिकाणी हात धरला होता. काकांना काकूंकडे वर बघवेना. ते गाडीच्या पायरीवर बसून राहिले. काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी गुपचूप घेतली.

भाचीला फोन करायला हवा होता. मी करते, असं काकू म्हणाल्या, पण काकांनी स्वतः लावला. भाची घाबरली. मामा, तुम्ही तर गाडी एकदम गार केली होती ना, आई परवाच कौतुकानं सांगत होती, ती म्हणाली. गाडी गार नव्हतीच गं, माझ्यामुळे तिला त्रास झाला, असं त्यांनी सांगितलं, आणि एवढं बोलताना त्यांचे कान तापले. सकाळी बाळाला घेऊन दुसऱ्या गाडीनं येते, मामा, आईला झोपवूनच घरी नेऊ, असं म्हणून तिनं फोन ठेवला. रागानं एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

ते आत गेले. ताईचा चेहरा आता निवळला होता. वर पंखा फिरत होता. काकांनी स्टूल ओढलं आणि तिच्या उशाशी बसले. उद्या नात येतेय म्हटल्यावर ती हसली. काकूही पायाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ताई," काका म्हणाले, "कधीपासून उकडत होतं तुला? खरं सांग."

ताईनं त्यांच्याकडे बघितलं. लहानपणी याच भावाचा कान धरून तिनं त्याला अभ्यासाला बसवलं होतं. तो तिच्या आवाजाला टरकून असायचा. आता ती उशीवरून डोकं जरासं उचलून त्याचा चेहरा न्याहाळत होती.

"रागावणार नाहीस ना?" तिनं विचारलं.

काकांनी नुसती नकारार्थी मान हलवली. तेवढ्यानं तिची खात्री पटली नाही. तिनं आधी काकूंकडे बघितलं, काकूंनी डोळ्यांनीच हो म्हटलं, आणि मग ताईनं हळू आवाजात सांगायला सुरुवात केली.