फक्त माझ्या हातचं

ते कुत्रं आमच्या घरी आलं ते बैलगाडीतून, कडब्याच्या पेंढ्यांवर ऐटीत बसून. मी दारात उभी होते. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, पण माझं तोंड तेव्हाही आजच्यासारखंच, न विचारता चालणारं. मी म्हणाले, "अहो, कुत्रं आणायला गेल्ते का डुक्कर?"

हे जालन्याच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायच्या कामाला होते. लढाईच्या दिवसांत तिथल्या पारशी साहेबानं जीन विकलं आणि तो मुंबईला निघाला. जाताना त्यानं कुणाला खुर्ची दिली, कुणाला कंदील. ह्यांच्या वाट्याला कुत्रं आलं. पिट बुल टेरियर, असं जातीचं नाव हे साहेबाकडून घोकून आले होते. गाडीतून उतरता उतरता कौतुकानं सांगायला लागले, "विलायतेत ह्यांना खड्ड्यात उतरवून झुंजवायचे." झालं! सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "अन् असलं जनावर घरात आणलं? बिलकुल भरवसा धरू नगा त्याचा."

अंगानं पांढरं, एका डोळ्यावर करडा डाग, मान बैलाच्या वशिंडासारखी टणक. आमच्या आष्टीत असलं कुत्रं कुणी पाहिलेलं नव्हतं. लोक कुंपणापाशी थांबून बघायचे आणि आपसात कुजबुजायचे. कुणी म्हणायचं, जबड्यात कुलूप असतं, एकदा धरलं की तोडल्याशिवाय सुटत न्हाई. शिवाय ते भुंकायचं नाही. गावातली कुत्री पान हललं तरी गाव डोक्यावर घेतात, आणि हे आपलं गुमान बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे टक लावून बघत राहायचं. धाप लागली की तोंड कानापर्यंत फाकायचं. सासूबाई म्हणायच्या, "बघ, दात दाखवून राह्यलंय." मलाही तसंच वाटायचं. मी पाण्याला जाताना त्याला वळसा घालून जायचे.

आल्यापासून ते खाईना. आमच्याकडे कुत्र्याला शिळी भाकरी लांबून टाकायची पद्धत. मी टाकायचे, ते यायचं, भाकरीसमोर बसायचं आणि नुसतं बघायचं. तोंडातून लाळेच्या तारा गळायच्या, पण भाकरीला तोंड लावायचं नाही. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "पिसाळलंय. लाळ गळून राह्यली, अन्न सोडलं, आता अजून काय पाह्यजे?" गल्लीतल्या माणसांनी काठ्या काढून ठेवल्या.

पण बैलांच्या हौदावर ते गटागटा पाणी प्यायचं, हे मी बघत होते. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे तर शेंबडं पोरही सांगेल. म्हटलं, ह्यात काहीतरी पाणी मुरतंय. एका सकाळी मी जर्मनचं जुनं ताट घेतलं, दुधात भाकरी चुरली आणि त्याच्यापुढे ठेवून हातानं कालवायला लागले. त्यानं आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग हाताकडे. आणि हात ताटात असतानाच हळूच बाजूनं तोंड घातलं. कुठंही दात लागला नाही. बघता बघता ताट चाटूनपुसून लख्ख!

मी धावत जाऊन ह्यांना सांगितलं, तर हे शांतपणे म्हणाले, "हां, साहेब म्हणायचे खरं. जिनात चोर भिंतीवरून विष घातलेलं मटण टाकायचे. म्हणून फेकलेलं खायचं न्हाई, सांभाळणारानं ताटात हात घातल्याबिगर तोंड लावायचं न्हाई, असं शिकवलंय त्याला."

"अन् हे तुम्हाला आज आठवलं?" मी अशी ओरडले की गोठ्यातले बैल दचकले.

म्हणजे आम्ही त्याच्यावर संशय घेत होतो आणि ते आमच्यावर. मला ते एकदम आवडलंच.

त्यानंतर ते माझं झालं. ह्यांनी, सासूबाईंनी ताटात हात घालून पाहिला, पण त्यानं मान फिरवली. मीही त्याला हळूहळू ओळखायला लागले. ते तोंड फाकायचं ते रागानं नाही, उन्हानं आणि आनंदानं. खूश झालं की शेपटीबरोबर अख्खं बूड हलायचं. माणसाच्या पायाला सगळं अंग टेकवून उभं राहायला त्याला फार आवडायचं, आणि लोकांना वाटायचं, पाडायला बघतंय. पांढऱ्या कातडीला ऊन सोसायचं नाही, नाकाची सालं निघायची. मी त्याला दुपारी लिंबाच्या सावलीला बांधायचे, खाज सुटली की करंजाचं तेल चोळायचे, कानातले गोचीड वेचायचे. अंगात रग इतकी की रिकामं बसलं तर ओसरीचा खांब कुरतडायचं. मग मी मोटेच्या जुन्या दोराचा नाडा फांदीला बांधला. त्याला लोंबकळून झटके देऊन ते दमलं की गरीब गाईसारखं पडायचं. एकदा घशाशी हाड अडकलं तर मी बोटं घालून जबडा उघडला. कुलूपबिलूप काही नव्हतं.

मग एका पहाटे शेजारच्या काकांची बकरी फाडलेली सापडली.

काका तडक आमच्या अंगणात. "तुमच्या डुकरतोंड्याचंच काम हाये हे." मी म्हणाले, ते रात्रभर साखळीला होतं, मीच बांधलं होतं. माळावर लांडगा फिरतोय असं धनगर सांगत होते, तेही मी सांगितलं. पण सुनेचं कोण ऐकतं? आणि खोटं कशाला सांगू, काकांची पाठ वळल्यावर मीही त्याचा जबडा उघडून हुंगला, नखं तपासली. काही मिळालं नाही. स्वतःचीच लाज वाटली.

काकांनी धमकी दिली, पोलीस पाटलाकडे जातो, बंदूकवाला आणतो. हे घाबरले. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाजारातून कुचल्याची विषारी पूड घेऊन आले. कुत्र्याला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेलं, ही सासूबाईंची अक्कल. गूळ-दूध-भाकरीत पूड कालवली आणि हे ताट घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. "तुझ्याच हातचं खातंय. मंग तूच दे."

"मी न्हाई देणार."

"जल्दी कर. काका बघून राह्यलेत."

"बघू द्या. तुम्ही आणलं, तुम्ही द्या."

ह्यांनी ताट खाली ठेवलं. कुत्रं आलं, बसलं, लाळ गळायला लागली. ह्यांनी ताटाला बोट लावलं, ताट वाजवलं, चुचकारलं. त्यानं ह्यांच्याकडे बघून बूड हलवलं आणि मग मान वळवून माझ्याकडे बघायला लागलं. भुकेनं त्याच्या बरगड्या वरखाली होत होत्या. मी दोन्ही हात पदराखाली आवळून धरले. नुसती वाकले असते तरी त्यानं तोंड घातलं असतं. इतका विश्वास माझ्यावर आईबापांनीही टाकला नसेल.

"नुसता हात लाव गं," हे काकुळतीला आले. "बाकी तुला काही करायचं न्हाई."

मी हात पदराबाहेर काढले नाहीत. सासूबाई बोलल्या, काका बोलले, बोलता बोलता माझ्या माहेरापर्यंत जाऊन आले. ऊन चढलं. शेवटी कुत्र्यानं जमिनीवर हनुवटी टेकली, पण नजर माझ्यावरून काढली नाही. काका उठले. "हे कुत्रं न्हाई, ह्या बाईनं बांधून ठिवलेलं भूत हाये." कुत्र्याला गावाबाहेर आमच्या शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या छपरात ठेवायचं, ह्यावर त्यांनी मिटवलं. तिथं रोज भाकरी घेऊन मी जाणार, हे कुणी विचारलंही नाही.

ते ताट मी नाल्यापलीकडे खोल पुरलं. कोनाड्यात उरलेली कुचल्याची पुडीही त्याच खड्ड्यात टाकली. घरात ठेवायची कशाला ती?

दिवेलागणीला हे जेवायला बसले. भाकरी आणि अंबाडीची भाजी मी वाढली. हे ताटाकडे बघत राहिले.

"उरलेली पुडी कुठं हाये?"

"पुरली. ताटाबरोबरच."

"कुणी बघितलं?"

"कोण बघणार? एकटीच गेल्ते."

हे पाणी प्यायले. पुन्हा ताटाकडे बघितलं. मग म्हणाले, "आधी तू खा."

आमच्या घरात बाईनं पुरुषाच्या आधी घास घेतलेला मी कधी पाहिला नव्हता. क्षणभर मी वेडी हरखले. वाटलं, सकाळचं मनाला लागलंय, म्हणून लाडानं म्हणून राह्यलेत. मग दिसलं की ते माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. ते माझ्या हाताकडे बघत होते.

मी त्यांच्या ताटातला तुकडा मोडला, भाजीला लावला, खाल्ला. घशाखाली उतरेपर्यंत हे थांबले. आणखी थोडं थांबले. मग जेवले. दाराआडून सासूबाई म्हणाल्या, "मलाही आता वाढ." त्या रात्री मी इतकी रडले की सकाळी डोळे उघडवेनात.

पुढे ती रीतच पडली. पाहुणे असोत, सण असो, पहिला घास माझा. बायका हळदीकुंकवाला आल्या की मला कोपरानं ढोसायच्या. "नशीब काढलंस बाई. बायकोला आधी खाऊ घालणारा नवरा आख्ख्या आष्टीत न्हाई." मी हसायचे आणि म्हणायचे, "हो ना."