नगाऱ्याची चीर आणि शेषेरावांची मूठ

देगलूरच्या अलीकडे, उदगीरच्या रस्त्याला लागून नगाऱ्या नावाचा एक उभा खडक आहे. त्याच्या पोटात वरपासून खालपर्यंत एक चीर, माणूस जेमतेम मावेल एवढी. वर जायला दुसरी वाट नाही.

गावात शेषेरावांच्या नावावर दोनच गोष्टी होत्या, सात एकर काळी आणि हा नगाऱ्या. काळीत भावांचा वाटा होता, नगाऱ्यात कुणाचा नव्हता. शहात्तर साली चिरेतून पहिल्यांदा वर गेलो तो मीच, हे ते दर लग्नसराईत सांगत आणि दर लग्नसराईत खडक दोन हात उंच होई. मुरुडच्या साखराबाईचं स्थळ याच पराक्रमावर जुळलं, असंही ते सांगत. साखराबाई मात्र म्हणत, "आमच्या बापानं खडक न्हाई, हिरीचं पाणी बगितलं होतं."

या हकिकतीत बसवराजअप्पाही असत. उदगीरच्या मोंढ्यातले डाळीचे व्यापारी, शेषेरावांचे शाळासोबती. त्यांचं काम एवढंच, खाली उभं राहून चपला सांभाळणं. अप्पांनी कधी हूं की चूं केलं नाही.

गेल्या हिवाळ्यात नांदेडची गिर्यारोहक मंडळी दोर घेऊन आली. म्होरकी सुकन्या, कॉलेजात शिकवणारी. आसपासच्या खडकांचं पुस्तक छापायचं, त्यात पहिल्यांदा चढणाऱ्याचं नाव आणि चढायची रीत द्यायची, असा तिचा बेत. नाव छापून येणार म्हटल्यावर शेषेरावांनी धोतराला इस्त्री करून घेतली. शिवाय साक्षीदार म्हणून अप्पांना मुद्दाम उदगीरहून बोलावलं. माणसाला दुर्बुद्धी सुचते ती अशी.

सुकन्या दोनदा चढली आणि दोन्ही वेळा अर्ध्यात अडकून खाली आली. छाती चिरेत घातली की पुढं सरकायला जागाच नाही.

"मामा, तुम्ही कसे गेलात हो?"

"तोंड कशाला खुपसायलीस त्याच्यात? पाठ लाव!" शेषेराव तट्टकन उठले, चिरेच्या तोंडाशी गेले, पाठ दगडाला टेकवली, एक पाय समोरच्या भिंतीला लावला. "आता पायानं रेटायचं, पाठीनं सरकायचं."

"आणि डावी मूठ छातीवर कशाला?"

शेषेरावांनी खाली पाहिलं. मूठ खरंच छातीवर होती, घट्ट मिटलेली.

"तसंच चढायचं असतंय."

"का पण? मुठीत काय आहे?"

मुठीत काहीच नव्हतं. चहाचा थर्मास घेऊन बसलेल्या साखराबाईंनी आधी नवऱ्याच्या रिकाम्या गळ्याकडे पाहिलं, मग अप्पांच्या. अप्पांच्या सदऱ्यातून लिंगाची चांदीची डबी डोकावत होती. लिंगायत माणूस गळ्यातलं लिंग जिवापाड जपतो. छातीनं शिरलं तर डबी दगडावर घासणार, म्हणून अप्पा तेव्हा पाठीनं शिरले होते, डबी मुठीत धरून. नेमकी तीच त्या चिरेची वाट निघाली. मागून चढणाऱ्या शेषेरावांनी हुबेहूब नक्कल केली, मुठीसकट. ती मूठ पन्नास वर्षं उघडायची राहून गेली.

"मग पहिलं नाव कुणाचं लिहू?" सुकन्यानं त्या डबीकडे पाहत वही उघडली.

"लिव्ह बाई त्याचंच," अप्पा म्हणाले. "आमच्या कानाला सवय झालीय."

शेषेराव चिरेतून बाहेर आले. धोतराची मागची बाजू झटकली.

"बसवराजाचं लिव्ह."

साखराबाईंनी कपात चहा ओतला आणि पहिला कप, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, अप्पांपुढे केला. ते मात्र शेषेरावांना सोसलं नाही.

"पर पुढचंबी लिव्ह! वर गेल्यावर ह्याचे पाय लटलट कापायले. दीड घंटा वर बसून व्हता. शेवटी वर चढून उतरिवला म्या."

"दीड? पाऊण घंटा म्हण की रं."

"दीड! ऊन माथ्यावर आलं व्हतं."

"ऊन आधीच व्हतं. आन मी भ्यालो न्हवतो, उदगीरचा किल्ला दिसतोय का बघून राहिलो व्हतो."

"दिसला का मग?"

"कुठला! तू खालून शिव्या घालायलास, किल्ला काय दिसतोय?"

तिकडं सुकन्या पाठ लावून, दोन्ही हात मोकळे ठेवून, चिरेतून सरसर वर गेली आणि माथ्यावरून तिनं हाक दिली. खाली कुणाचंच लक्ष नव्हतं.