दाजींनी पास केलेल्या डॉक्टर

जगात चुका असतातच, यावर आमच्या दाजींइतकी गाढ श्रद्धा मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. कुणाची श्रद्धा देवावर असते, कुणाची पुढाऱ्यावर. दाजींची चुकीवर होती. ती दिसली नाही तर ती लपून बसली आहे, एवढाच त्याचा अर्थ. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबरनाथ पूर्वेला त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. साताऱ्याकडच्या गावातून मी कॉलेजला आलो तो त्यांच्याच घरी, आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्याच घरचं खाऊन. तेव्हा इथे जी काही थट्टा होईल ती खाल्ल्या मिठाला स्मरूनच होईल.

दाजी एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. पंपांचे व्हॉल्व्ह तपासायचे आणि माल ठीक असला की त्या लॉटवर आपल्या नंबरचा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. हे काम त्यांच्याबरोबर घरीही यायचं. ताईने निवडलेली मेथी ते पुन्हा निवडत. माझ्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेला हॉल तिकिटावरचा आणि बाकावरचा नंबर जुळतो का हे बघायला ते वर्गापर्यंत आले, आणि माझा जुळल्यावर शेजारच्या तीन पोरांचेही तपासले. त्यातला एक खरोखरच चुकीच्या बाकावर निघाला. त्या दिवशी दाजींच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते माझ्या निकालाच्या दिवशीही नव्हतं. शिवमंदिरात गेलं की लोक पिंडीपुढे हात जोडत. दाजी भिंतीच्या सांध्यांत नख घालून बघत. एकदा त्यांनी पुजाऱ्याला बाजूला घेऊन एक फट दाखवली. पुजारी म्हणाला, "अहो, नऊशे वर्षं उभंय हे." दाजी गंभीरपणे म्हणाले, "म्हणूनच सांगतोय. आता लक्ष द्यायला हवं."

इथवर सगळी गंमतच होती. पण मी दुसऱ्या वर्षाला असताना दाजींच्या हातून एक खराब लॉट सुटला. माल परत आला, कुणी फारसं बोललं नाही, प्रकरण मिटलं. दाजींच्या मनातून मात्र ते मिटलं नाही. सकाळी शिक्का हातात घेतला की छातीत धडधड सुरू व्हायची, तळहात भिजायचे. शंभर नगांतले पाच तपासून लॉट पास करायचा अशी पद्धत; दाजी शंभरच्या शंभर तपासू लागले, आणि शंभर झाले की पहिल्यापासून पुन्हा. मागे मालाची रांग लागली. साहेब भला माणूस होता, तरी त्यानेही शेवटी सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघतो. मग मात्र शिक्का काढून घ्यावा लागेल, तुम्ही स्टोअरला बसा." स्टोअरला बसणं म्हणजे दाजींच्या लेखी जिवंतपणी फोटोला हार घालून घेणं.

छातीचा कार्डिओग्राम काढला, तो नॉर्मल आला. दाजींनी तंत्रज्ञाला विचारलं, "मशिन शेवटचं कधी तपासलंय?" मग त्यांची नजर माझ्यावर पडली. माझा बी.ए.ला मानसशास्त्र विषय होता. "एवढी फी भरलीय, तूच कर की," ते म्हणाले. मी पुस्तकातला चिंतेवरचा धडा त्यांना वाचायला दिला. दाजींनी तो रात्रभर नव्हे, चांगला आठवडाभर वाचला आणि छपाईच्या अकरा चुका लाल पेनाने दाखवून परत केला.

अखेर माझ्या सरांनी तीन डॉक्टरांची नावं लिहून दिली. "वेड्यांचे डॉक्टर म्हणजे?" ताईने घाबरून विचारलं. दाजी म्हणाले, "आधी बघून तर येऊ, कसला माल आहे." आणि आम्ही इन्स्पेक्शनला निघालो. बदलापूरच्या डॉक्टरांची पाटी तिरकी होती. दाजींनी ती सरळ केली, त्यांना एकदम बरं वाटलं आणि आम्ही दारातूनच परतलो. दुसऱ्यांच्या भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. "ह्यांना घड्याळ कळेना, मन काय कळणार?" तेही नापास. उरल्या उल्हासनगर कॅम्प एकमधल्या सिंधी डॉक्टरीणबाई. त्यांचा दवाखाना कापडाच्या दुकानावरच्या माडीवर होता. जिन्यापाशी आम्ही घुटमळताना दुकानदार गादीवरूनच म्हणाला, "ऊपर जाना है ना? डरने का नहीं, साईं. मेरी घरवाली भी बहुत डरती थी. अब देखो, मेरे को डराती है."

वर पाटी सरळ होती, घड्याळ बरोबर होतं. दाजींना नापास करायला काहीच सापडेना, तेव्हा त्यांनी शेवटचा उपाय केला.

"पेशंट हा आहे," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "माझा मेव्हणा."

दोन वर्षं ज्यांच्या घरी जेवलो त्यांना खोटं कसं पाडायचं? मी मान हलवली.

"छातीत धडधड होते?" बाईंनी मला विचारलं.

"हो."

"कधी?"

मी दाजींकडे पाहिलं. "सकाळी आठ वाजता," दाजी म्हणाले. "शिक्का हातात घेतला की."

"कॉलेजच्या मुलाला शिक्का कशाला लागतो?"

दाजी पुन्हा घड्याळ तपासू लागले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझी खुर्ची हळूच बाजूला घ्यायला सांगितली आणि दाजींची समोर ओढली. "आता तुम्ही बोला, भाऊ."

दाजी पाऊण तास बोलले. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, आणि रडताना तर मुळीच नाही. बाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "शंभरमधले पाचच का तपासतात?"

"सगळे तपासत बसलं तर काम कधी होणार? बाकीच्यांवर भरवसा ठेवायचा असतो."

"मग मनातल्या मालाला वेगळा नियम का?"

त्यांनी दिवसभरात आलेली प्रत्येक काळजी वहीत लिहायला सांगितली. दाजींनी रकाने आखले: अनुक्रमांक, तपशील, शेरा. दर गुरुवारी बाई डोळे मिटून पाच काळज्यांवर बोट ठेवायला लावत. त्या पाचांवर बोलणं, बाकीच्या तपासायच्या नाहीत. पहिल्या गुरुवारी दाजी त्रेपन्न काळज्या घेऊन गेले. त्रेपन्नावी होती, 'डॉक्टर चुकत असतील काय?' हे सगळं लगेच जमलं असं नाही. मधे दोन आठवडे तर ते जिन्यापर्यंत येऊन खालीच कापड बघत बसले. तरी गुरुवार चुकले नाहीत.

धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी दाजी वेळेवर घरी आले. ताई चकल्या पाडत होती. ते चप्पल काढता काढता म्हणाले, "पाच बघितले. सहावा उचलला होता. खाली ठेवला." ताईने विचारलं, "मग?" दाजी म्हणाले, "मग काय, मारला शिक्का. उमटला नीट." ताई पिठाच्या हातांनीच खाली बसली.

पुढे गोळ्या सुटल्या, गुरुवार सुटले. दिवाळीचा फराळ मात्र दरवर्षी दाजी स्वतः बाईंना नेऊन देत. मी प्राध्यापक झालो तरी सोबतीला मला न्यायचे. नव्वद सालानंतरच्या एका दिवाळीत आम्ही माडीवर गेलो तर पाटी नव्हती. दवाखान्याच्या जागी जीन्स शिवणारी यंत्रं खडखडत होती. एक कारागीर मान वर न करता म्हणाला, "मॅडम तो गयी. बेटे के पास. अब नहीं आयेंगी."

माझा जीव कासावीस झाला. "दाजी, खाली चौकशी करू. आजूबाजूच्या दोन-चार दुकानांत विचारू. पत्ता मिळेल."

दाजींनी डबा यंत्राशेजारच्या स्टुलावर ठेवला. "खाओ भाई, दिवाली है," ते त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "नको रे. त्याने सांगितलं ना? खरंच असेल ते."

जिना उतरताना मधल्याच एका पायरीवर ते थांबले आणि पाटी असायची त्या जागेकडे वळून पाहू लागले. मीही थांबलो.