पोटावरचे डाग, डोळ्यातलं रक्त

"तुमच्याच माणसांचे धंदे आहेत हे. विचारा हिला तुमच्या भाषेत."

मोठे डॉक्टर असं म्हणाले आणि राउंडला आलेले सगळे हसले. बोईसरच्या त्या इस्पितळात ते मुलांचे मोठे डॉक्टर, मी डोळ्यांची डॉक्टर. नव्वदच्या आसपासची गोष्ट. सफाळ्याच्या आतल्या डोंगरातल्या पाड्यावरून शिकून आलेली मी वारल्यांची पोरगी. पाटीवर माझ्या नावाआधी डॉक्टर लिहिलेलं होतं. त्यांच्या लेखी मी दुभाषी.

खाटेवर सात-आठ महिन्यांचं पोर. आकडी येऊन निपचित पडलेलं. पोटावर तापल्या विळ्याने दिलेले डाग. आई भिंतीला टेकून उभी, पदर तोंडात.

मी विचारलं. ती म्हणाली, "पोराला आकडी आली. भगत बोलला, डाग दे, नाय तर जाईल. म्हणून दिला. माजाच जीव हाय तो बाय, मी कशाला मारीन?"

"राक्षसीण आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "पोलिसांना बोलवा."

डाग देणं चूकच. आजही पाड्यावर गेले की मी त्यावरून भांडते. पण ती मारहाण नव्हती. घाबरलेल्या आईचा इलाज होता तो. मी पोराच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्यावर आतला पडदा तपासला. स्वच्छ, मार बसल्याचं रक्त कुठेच नाही. तसं सांगितलंही. कुणी ऐकलं नाही. पोर मेंदूज्वराने गेलं, तेव्हा आई पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसलेली होती. तिला ते शेवटचं उराशीही धरू दिलं नाही.

त्याच आठवड्यात एका कारखान्याच्या साहेबांचं बाळ आलं. चार महिन्यांचं. पावडरचा वास, गालावर काजळाची तीट, अंगावर ओरखडासुद्धा नाही. उलट्या आणि गुंगी. बाप म्हणाला, पलंगावरून घसरलं. मोठ्या डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

मला बोलावलं ते रीत म्हणून. थेंब घातले. थांबले. वाकून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत रक्त. पडद्याच्या पार कडेपर्यंत, थरावर थर. पलंगावरून घसरून एवढं होत नाही. रक्त गोठण्याची तपासणी करायला लावली, ती नीट आली, म्हणजे रक्ताचा आजार नव्हता. कुणी केलं ते डोळा सांगत नाही. पण तान्ह्याला धरून गदगदा हलवलं की असं होतं, हे मी शिकले होते.

मोठ्या डॉक्टरांना बाजूला घेतलं. म्हटलं, "बाळाला घरी पाठवू नका, सर. चौकशी व्हायला हवी."

ते मुद्दाम मोठ्याने बोलले, बापाला ऐकू जाईल असं. "शिकलीसवरलेली माणसं आहेत ही, बाई. तुम्ही जंगलातून आलात, तुम्हाला जिथे तिथे तेच दिसणार."

बाप हसला. हातात कपबशी घेऊन हसला.

शाळेपासून गिळत आले होते मी. शेवटच्या बाकावर बस. आमच्या माठाला हात लावू नकोस. कोट्यातली. सगळं मुकाट गिळलं, कारण शिकायचं होतं. त्या दिवशी गिळता येईना.

"माझ्याही पोटावर डाग आहेत, सर." आवाज सगळ्या वॉर्डात गेला. "माझ्या आईने दिलेत. मी जगावं म्हणून. त्या बाईच्या पोराचे डाग लांबून दिसले, तर तुम्ही पोलीस बोलावलेत. ह्या बाळाचे आत आहेत. बघायला वाकावं लागतं. या, वाका."

ते वाकले नाहीत. "बाहेर व्हा," म्हणाले. पुढे चार दिवसांनी बाळ घरी गेलं.

महिना उलटला नसेल, बाळ परत आलं. या वेळी आई एकटीच, रिक्षातून, पायात चप्पल नाही. मी त्याच्या डोळ्यांसमोर बॅटरी फिरवली. नजर हलली नाही.

"हा रडला की ह्यांचं डोकं फिरतं," ती म्हणाली. "धरून हलवतात. मी मध्ये पडले की मला मारतात. दिसेल ना हो डॉक्टर ह्याला?"

खोटं बोलवलं नाही. नाही अशी मान हलवली आणि तिच्याबरोबर रडले. डॉक्टरने रडू नये म्हणतात. मी रडले.

मोठे डॉक्टर दारात येऊन म्हणाले, "जन्मापासूनच अधू असेल. प्रकरण वाढवू नका."

मी मायलेकरांना सिस्टरच्या हवाली केलं, कुणालाही नेऊ देऊ नका म्हटलं आणि चालत पोलीस ठाण्यात गेले.

जमादार ओळखीचा. म्हणाला, "मॅडम, साहेब लोक हायत. तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे. पाड्यावरच्या त्या आईला धरायला धावत आला होतात. तसेच आताही चला."

तो चुळबुळत टोपी शोधू लागला. मी तिथेच उभी राहिले. मनाशी ठरवलं, नोकरी गेली तर पाड्यावर दवाखाना टाकीन. कोर्टात बोलावलं तर जाईन. जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा, पाहिलं ते सांगेन, मग समोर कुणीही बसलेलं असो. त्या बाळाला आता अंगावर येणारा हातसुद्धा दिसणार नाही. मला दिसतो. मी नजर हटवणार नाही.