देवी अंगात नसताना

देवाधर्माबद्दल लिहिण्याचा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेही कॉमर्सला. कुणाची श्रद्धा दुखावली तर मोठ्यांनी पोटात घालावं.

बारावीत असताना करावे गावात देवीची पालखी आमच्या दारात आली आणि ढोल वाजता वाजता माझं अंग थरथरू लागलं. पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा कपाळभर कुंकू होतं आणि लोक माझ्या पाया पडत होते. ती पहिली वेळ खरी होती का, मला आजही ठाऊक नाही. त्यानंतरच्या प्रत्येक मंगळवारी मात्र मला सगळं आठवत असे. लोक प्रश्न विचारायचे, मी घुमायचो, ज्याला जे ऐकायचं असेल ते सांगायचो. वाशीला कॉलेजात जाताना बसस्टॉपजवळच्या नळावर कुंकू धुवायचो. वर्गात अंधश्रद्धेवर बोलणं निघालं की सगळ्यांबरोबर हसायचो.

एस.वाय.ला होतो. दिवाळीच्या तोंडावर समुद्रात वादळ झालं. माझा चुलत भाऊ उरणहून मासेमारीला गेला होता. होडीवर तो आणि तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, असे दोघंच. होडी परतली नाही. काका उरणला शोधायला निघाले, तर काकीनं त्यांना दारातच अडवलं.

"आधी आईला इचारू. ती सांगल तसा."

आई म्हणजे देवी, म्हणजे मीच. मला देव्हाऱ्यापुढे पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ढोल सुरू झाला. एरवी मला 'ए मेल्या' म्हणणारी काकी पदर पसरून समोर बसली.

"आई, माजा पोर हाय का गो? शोधाया धाडू, का घरान वाट बघू?"

भीतीनं अंग इतकं कापत होतं की घुमण्याचं सोंग करावंच लागलं नाही. 'घरीच थांबा, येईल तो' हे शब्द सवयीनं तोंडाशी आले. ते बोललो असतो तर काका चपला काढून ओटीवर बसले असते. आणि तो तिकडे पाण्यात.

देवी अंगात असताना कुणाला नात्यानं हाक मारायची नसते. लहानथोर सगळे 'लेकरा'.

मी म्हणालो, "काकी."

ढोल थांबला.

"काकी, मी आहे. अंगात कुणी नाही. कित्येक मंगळवार कुणीच नव्हतं. मला काही दिसत नाही गं. काकांना जाऊ दे, आत्ताच जाऊ दे."

मागून एक म्हातारा बोलला, "कॉलेजान गेला नि देवी पलाली!" कुणी हसलं नाही.

काकीनं पसरलेला पदर आवरला. "मंग आता मी कोनाला इचारू रं?"

काका निघून गेले. मी पाटावरून उठलो नाही. पहिली वेळ खरी असेल तर देवीला मीच घालवलं होतं. खोटी असेल तर माझ्यात उरलं काय? वर्गात हसणारा मुलगा तरी मी कुठे होतो? आजवर लोक माझ्यापुढे हात जोडत आले होते. त्या दिवशी देव्हाऱ्यापुढे मी जोडले, पण काय म्हणावं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाण्याच्या दुकानात काकांचा फोन आला. काकी देव्हाऱ्यापुढून उठेना, म्हणून तो घ्यायला मी गेलो.

"पोर गावला," काका म्हणाले. "उलटल्या होडीला धरून होता. जिता हाय. तांडेल नाय गावला."