विदाने उघडी पाठवलेली नक्षी

विदोसावाला आमच्या छापखान्यात सगळे विदाच म्हणायचे. पिरोत गावातल्या त्या दोन खोल्यांच्या दुकानात मी कागद कापायच्या मशीनवर आणि ती कॉम्प्युटरवर, अशी आम्ही सोळा वर्षं पाठीला पाठ लावून काढली. लग्नपत्रिका, वाइनची लेबलं, चीजच्या डब्यांची झाकणं, सगळं तिच्या हातून जायचं. पण तिचा खरा हातखंडा म्हणजे आकारात नक्षी भरणं. एक छोटा चौकोन असा काढायचा की त्याची उजवी कड डावीला आणि वरची खालचीला बेमालूम जुळावी. मग बाटली असो, पान असो की अक्षर, त्या आकारावर टिचकी मारली की तो नक्षीने काठोकाठ भरतो. मी एकदा करून बघितलं, तर जागोजागी सांधे उघडे पडले. विदा हसून हसून खोकायला लागली.

तिची आई स्तामेना किलिम, म्हणजे लोकरीच्या नक्षीदार सतरंज्या, विणायची. ब्याऐंशी वर्षांची, ताठ कण्याची बाई. आमच्याकडच्या जुन्या विणकरणी नक्षी कागदावर उतरवत नाहीत. ती डोक्यात असते, आणि आई मुलीला मागावर बसवून ती देते. विदाला मागाचा पहिल्यापासून कंटाळा. त्यामुळे स्तामेनाच्या घरच्या एकोणीस नक्ष्या स्तामेनाच्या डोक्यातच राहिल्या. आई थकायला लागली तसा विदाला घोर लागला, आणि दर रविवारी ती लॅपटॉप घेऊन आईच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागली. आई धागे सांगायची, विदा स्क्रीनवर एकेक घर रंगवायची.

मीही दोन-तीनदा सोबत गेले होते.

"तीन लाल, एक काळा, परत तीन लाल. आता वळ."

"कुठे वळू, आई?"

"कुठे म्हणजे? हात वळेल तिथे."

"अगं, हात माउसवर आहे."

"मग त्या उंदराला सांग वळायला!"

पहिली नक्षी पूर्ण झाली तेव्हा विदाने मोठ्या हौसेने एक उभा आयत काढला आणि टिचकी मारली. स्क्रीन पक्ष्यांनी भरली. स्तामेनाने चष्मा लावला आणि भडकली. "कडेचे पक्षी अर्धे कापलेस! किलिमच्या काठाला कधी कुणाचं डोकं उडतं का गं?" प्रोग्रामला काय, तो आकार संपला की नक्षी तिथेच तोडतो. त्या दिवसापासून विदा आधी आकाराचं माप घ्यायची आणि चौकोन लहानमोठा करत बसायची, काठाला पक्षी अख्खा बसेपर्यंत. म्हातारीची दुसरी अट साधी होती. या नक्ष्या घराबाहेर जायच्या नाहीत. विदाने देवाच्या तसबिरीपुढे हो म्हटलं होतं. बघता बघता नऊ नक्ष्या झाल्या, दहा राहिल्या.

आता ल्युबिन्काबद्दल सांगते, आणि तिच्याबद्दल मला नीट बोलता येत नाही. ती विदाची कुमा. विदाच्या लग्नात तिच्या शेजारी उभी राहिलेली, तिच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरून नाव दिलेली. आमच्यात सख्ख्या बहिणीशी अबोला धरता येतो, कुमाशी नाही. ल्युबिन्काचं किल्ल्यापाशी भेटवस्तूंचं दुकान होतं आणि तोंडात कायम साखर. त्या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं लग्न ठरलं.

"विदा, सोनं माझं," ती दुकानात येऊन म्हणाली, "मावशीच्या पक्ष्यांची एक पट्टी दे ना. लग्नाच्या मेणबत्त्यांना गुंडाळीन. फक्त दोन मेणबत्त्या गं!"

विदा दोन दिवस घुटमळली. आईला दिलेला शब्द एकीकडे, कुमा दुसरीकडे. तिसऱ्या दिवशी तिने फाइल पाठवली. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला फाइल देताना नक्षी आधी फोडतात, म्हणजे तिचं साधं चित्र करून टाकतात. तसं नाही केलं तर मूळ चौकोन फाइलमध्ये तसाच राहतो, आणि ज्याच्या हाती ती पडेल तो त्या चौकोनाने हवा तो आकार भरू शकतो. विदा हे कधी विसरायची नाही. मी मागे वळून स्क्रीनकडे पाहिलं.

"अगं, फोडली नाहीस?"

"ती म्हणते, निश शहरातल्या छापणाऱ्याला मेणबत्तीच्या मापाने कमीजास्त करावी लागेल."

"मग तूच करून दे. उघडी कशाला देतेस?"

"दिव्ना, तुझ्या जिभेला काही हाड? कुमाला कुलूप लावून देऊ?"

आम्ही पिरोतचे लोक चिक्कू म्हणून देशभर बदनाम. मी हसून म्हटलं, तू एकटीच आमची अब्रू घालवणार. आणि परत कागद कापायला लागले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

नोव्हेंबरात, मित्रोव्दानच्या सणाला, विदाच्या घरी स्लावा होती, त्यांच्या घरच्या संताचा दिवस. स्लावेला कुणाला बोलवत नाहीत, ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत. टेबलावर बाटलीने लाटलेल्या सॉसेजच्या चकत्या, कोबीच्या पानांत गुंडाळलेला सारमा, राकियाची दारू. स्तामेना खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. ल्युबिन्का काखेत भलंमोठं गाठोडं घेऊन आली आणि सगळ्यांदेखत ते सोडलं.

पायपुसणी होती. रबराच्या पाठीची, डझनभर, आणि प्रत्येकावर स्तामेनाचे पक्षी.

"कुमा, बघ तुझं काम कुठे पोचलं!" ती आनंदाने फुलली होती. "उशा निघाल्यात, ॲप्रन निघालेत, सपाता पुढच्या महिन्यात. निशमध्ये तर हातोहात जातायत."

स्तामेनाने एक मांडीवर ओढून घेतलं. काठावरून बोट फिरवलं. तिथे प्रत्येक पक्षी मानेपाशी तुटला होता. "हे तुला कुणी दिलं?"

"कुणी म्हणजे? विदानेच, मावशी. स्वतः पाठवलं."

विदा हातात अक्रोड घातलेल्या उकडलेल्या गव्हाची वाटी घेऊन उभी होती. "मेणबत्त्यांना म्हणाली होतीस, ल्युबिन्का."

"हो गं, मेणबत्त्यांना लावलीच की. नंतर माझ्या पोराने दुकानात सहज एकदा टिचकी मारून पाहिली. तुझं काय कमी झालं? चौकोन तुझ्याकडे आहे तो आहेच. आणि आपल्यात कसलं आलंय माझंतुझं?"

मला त्या बाईच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. पण घर विदाचं, दिवस संताचा. विदाने काय करावं? रिवाजाप्रमाणे गव्हाचा पहिला चमचा कुमाला दिला. ल्युबिन्काने क्रूसाची खूण केली, गहू खाल्ला आणि म्हणाली, "अक्रोड जरा कमी पडलेत."

त्यानंतरच्या रविवारी विदा नेहमीसारखी लॅपटॉप घेऊन गेली. आईने कॉफी केली, शेजारणीच्या बकऱ्यांबद्दल बोलली, पण धाग्यांचं नाव नाही. विदा टेबलावर डोकं टेकून रडली. "मला फसवलं गं तिने, आई!"

"तुला तिने फसवलं," स्तामेना म्हणाली. "मला कुणी?"

विदाने मला हे सांगितलं तेव्हा मशीन चालू होतं, आणि मी कागद कापत राहिले. सगळा हिवाळा ती जात राहिली. आई कॉफी करायची, विदा लॅपटॉप उघडून ठेवायची, आणि दोघी गप्पा मारून उठायच्या. फेब्रुवारीत म्हातारीच्या छातीत पाणी झालं आणि तिने अंथरूण धरलं. शेवटच्या रविवारी मी तिथे होते. विदा पलंगापाशी गुडघ्यांवर बसली.

"आई, एकच सांग. दहावी नक्षी. सुरुवात कुठल्या रंगाने होते तेवढंच सांग, पुढचं मी शोधीन."

स्तामेनाने मान तिच्याकडे वळवली, आणि शब्द अगदी स्पष्ट आले.

"कुमाला विचार."